सर्व्हर मला भाऊजींच्या नावाने हाक मारतो

‘परमिशन डिनाइड’ हे दोन शब्द ज्याने कुणी मशीनला शिकवले, तो कुणाच्या घरची सून नव्हता, एवढं मी छातीठोकपणे सांगते. असता तर त्याने निदान कारण सांगायची तरी सोय ठेवली असती. कारण न सांगता ‘नाही’ म्हणणारी माणसं काय आम्हाला कमी भेटतात, की त्यात मशीनचीही भर पाहिजे? त्या उन्हाळ्यात मी ते दोन शब्द इतके वाचले, की भाजी चिरतानाही डोळ्यांपुढे यायचे.

आधी सांगते मी कोण. माहेर जैनाबादचं, तापीच्या पलीकडचं. वडिलांच्या केळीच्या बागा. शिकले बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात, कॉम्प्युटरच शिकले, आणि लग्न होऊन पूल ओलांडून शहरात आले. आमचे हे शाळेत मास्तर. धाकटे दीर, माझे भाऊजी, यांचं इथल्याच लालबागेत एका गाळ्यात कॉम्प्युटरचं ऑफिस. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी त्यांनी एक प्रोग्रॅम चालवायला घेतला: कुठल्या बागेतून किती घड तुटले, गाडी किती भरली, घडाच्या दांड्याचं वजन किती कापायचं, गाडी दिल्लीला गेली की अजून कुठे. व्यापारी भाऊजींनी जोडले. त्यांना चहा पाजणं, त्यांची कटकट ऐकणं, हे सगळं भाऊजी करत, आणि ते सोपं काम नाही, मी नाही म्हणत. पण प्रोग्रॅम लिहिला मी. पहिल्या ओळीपासून. घरी, मधल्या खोलीत, शेजारच्या पॉवरलूमच्या खटखटीत, दुपारची भांडी आवरली की चहाच्या वेळेपर्यंत.

हा सगळा कोड एका भाड्याच्या सर्व्हरवर राहतो. मी इथून लिहायचं, भाऊजींनी लालबागेतून उतरवून व्यापाऱ्यांकडे चालू करायचं. कुणी कधी काय बदललं ते तिथे नावानिशी नोंदलं जातं. आत जायला किल्ली लागते. खरी नव्हे, दोन फायलींची जोडी. एक फाइल आपल्या लॅपटॉपवर जपून ठेवायची, कुणाला म्हणून द्यायची नाही. दुसरी सर्व्हरला द्यायची. जोडी जुळली की दार उघडतं. एवढं साधं आहे. साधंच असायला पाहिजे होतं.

पण आमच्या घरात कुणाचं वेगळं असं काही नसतं. सासरे गेल्यापासून सगळीकडे एकच मोबाइल नंबर दिलेला आहे, भाऊजींचा. गॅसचं बुकिंग असो, माझ्या बँकेचं काही असो, सासूबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ असो, ओटीपी भाऊजींच्या फोनवर येणार. मग मी मधल्या खोलीतून ओरडणार, “भाऊजी, आला का?” आणि ते लालबागेतून फोनवर सांगणार. ते चुकूनही चिडत नाहीत. आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. मग मी कोड लिहायला बसले तेव्हा भाऊजींनी काय केलं? स्वतःच्या लॅपटॉपवरची किल्ली पेनड्राइव्हवर घेतली आणि माझ्या लॅपटॉपवर टाकली. “एका घरात दोन किल्ल्या कशाला वहिनी? खाली-पिली झंझट.” वर सगळी सेटिंगही त्यांनीच करून दिली. मी म्हटलं, बरं झालं, आपला वेळ वाचला. जळ्ळा मेला तो वेळ!

मग पुण्याच्या एका कंपनीची नोकरी चालून आली. घरी बसून करायची. कॉलेजातल्या मैत्रिणीने कळवलं होतं. मी परीक्षा दिली, पास झाले. शेवटची पायरी राहिली. त्यांच्याकडच्या बाई म्हणाल्या, तुम्ही आजवर केलेलं खरं काम तुमच्या खात्यातून उघडून दाखवा, आम्ही त्यावर बोलू.

ही नोकरी मला किती हवी होती ते सरळच सांगते, आडून-आडून बोलण्यात काय अर्थ आहे. घरी पाहुणे आले की विचारतात, मुलगा काय करतो, धाकटा काय करतो, आणि माझ्याकडे बघून म्हणतात, चहा छान झाला हं. मला माझ्याबद्दल सांगायला एक वाक्य हवं होतं. एकच, पण पूर्ण वाक्य. त्याच्यासाठी नवस बोलायचाच काय तो बाकी होता.

म्हणून मी माझी स्वतःची किल्ली करायची ठरवली. ह्यांना सांगितलं तर हे वही तपासता तपासता म्हणाले, “एवढं काय त्यात? भाऊच्याच किल्लीने उघडून दाखव की.” मास्तर माणूस! दुसऱ्याच्या वहीवर आपलं नाव घालून आणलेल्या पोराला हेच बाहेर उभं करतात. पण घरात सगळे नियम माफ.

सासूबाईंना भाऊजींकडून कळलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ताट बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “अवं माय, वेगळं खातं काहून पाहिजे तुला? त्यानं काही म्हटलं का? घरात काही कमी पडून राहिलं का?” मी समजावलं, की कामापुरतंच आहे, पुण्याच्या लोकांना दाखवायचं आहे. त्यांनी मान हलवली, पण संध्याकाळी ह्यांना बाजूला घेऊन विचारलंच, सुनेला वेगळं राहायचं आहे का म्हणून. आता सांगा, मी काय करायला निघाले होते आणि घरात कसली धास्ती पडली! दोन दिवस मी जरा जास्तच हसतखेळत वावरले. कपाळ माझं.

किल्ली मी केली. पाच मिनिटांचं काम. पण तिच्यातली सर्व्हरकडे द्यायची फाइल सर्व्हरवर टाकू शकणारा माणूस एकच, भाऊजी, कारण त्याचाही ओटीपी त्यांच्याच फोनवर. मी ती त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. ते म्हणाले, “हो जाएगा वहिनी, टेंशन मत लो,” आणि शहापूरकडे एका व्यापाऱ्याकडे निघून गेले. मी वाट बघितली. आठवण करून दिली तर पुन्हा “हो जाएगा.” शेवटी त्यांनी टाकली, फोनवरूनच, गाडी भरताना उभ्या उभ्या. जुनी किल्ली बाजूला ठेवून मी नव्या किल्लीने दार ठोठावलं. परमिशन डिनाइड.

माझंच चुकलं असणार असं धरून मी दुसरी किल्ली केली, तिसरी केली. रात्रीची कणीक मळता मळता डोक्यात तेच. मग एका दुपारी लालबागेला जाऊन त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं, तर त्या एका लांब ओळीचे फोनवर उतरवताना तुकडे पडले होते. किल्ली म्हणजे एक अखंड ओळ असते. ती मध्ये कुठेही तुटली की सर्व्हरला ओळखू येत नाही. मी सांधून दिली. भाऊजी म्हणाले, “अरे! इतनी सी बात थी?” हो, इतनी सी बात. तिच्यापायी माझा आठवडा गेला होता आणि पुण्याच्या बाईंनी ठरवलेली वेळ एकदा पुढे ढकलून झाली होती. आणखी एकदा ढकलायला तोंड राहिलं नव्हतं.

घरी येऊन पुन्हा ठोठावलं. आता लॅपटॉपनेच नाही म्हटलं. म्हणे तुमची लपवायची फाइल फार उघडी आहे, घरातलं कुणीही वाचू शकतं, असली किल्ली मी वापरणार नाही. अगं बाई! आमच्या घरात कपाटाला कुलूप नाही, माझ्या मोबाइलला लॉक नाही, आलेलं पत्र ज्याच्या हाती लागेल तो फोडतो, आणि हे यंत्र मला खाजगीपणा शिकवतंय. मी ती फाइल इतरांसाठी बंद केली. पहिल्यांदा घरातल्या एखाद्या गोष्टीवर फक्त माझा हक्क आहे असं लिहिलं गेलं, तेही मशीनच्या सांगण्यावरून. मला हसूही आलं आणि रडूही.

आणि मग दार उघडलं. मी इतकी खूश झाले, की सासूबाईंना हाक मारणार होते. सर्व्हर आत घेतो तेव्हा नाव घेऊन स्वागत करतो, म्हणजे आपण कोण म्हणून आत आलो ते कळतं. मी ती ओळ वाचली. भाऊजींचं नाव.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझ्याच लॅपटॉपवर, माझ्याच बोटांनी, आणि समोरून, या, या, भाऊजी! मला कारण कळायला वेळ लागला नाही. फाइल बंद करताना मी बाजूला ठेवलेली जुनी किल्लीही तिच्या जागी परत ठेवली होती आणि लॅपटॉप आधी तीच पुढे करत होता. सर्व्हरला ती पटली की माझी बघायचं कामच उरत नव्हतं. कारण कळलं म्हणून काही बरं वाटलं नाही. इतकी वर्षं तो मला कुठल्या नावाने आत घेत होता, हे मी कधी वाचलंच नव्हतं. काम होतंय ना, मग कोण वाचतंय.

मी भाऊजींची किल्ली लॅपटॉपवरून काढून टाकली. पुन्हा ठोठावलं आणि सर्व्हरने माझं नाव घेतलं. माझं! लग्नानंतरचं, पण माझं. मी तेवढ्यावरच उठून पाणी प्यायले. परत येऊन केळीच्या प्रोग्रॅमचा कोड उघडायला गेले, तर म्हणे, या नावाच्या माणसाला इथे यायची परवानगी नाही. मी लिहिलेल्या कोडमध्ये मला परवानगी नाही. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

पुन्हा भाऊजी. पुन्हा “हो जाएगा.” या वेळी मी रागावले. म्हटलं, भाऊजी, होईल नाही, आत्ता करा, मी फोन धरून ठेवते. ते बिचारे चपापले. लगेच केलं. वर म्हणाले, “वहिनी, नाराज मत हो यार. तुमचंच आहे सगळं.”

शेवटी मी माझ्या नावाने, माझ्या किल्लीने आत गेले. नोंदी उघडल्या. पानामागून पान वर सरकवत गेले. दांड्याच्या वजनाचा हिशेब मी बाळंतपणासाठी माहेरी असताना लिहिला होता, एका हाताने पाळणा हलवत. त्याच्यापुढे भाऊजींचं नाव. गाड्यांची पानं, भाऊजींचं नाव. एकदा सगळा प्रोग्रॅम बंद पडला होता आणि व्यापारी ऑफिसात येऊन बसले होते, तेव्हा ताप अंगात असताना मी जी चूक शोधून काढली, त्याच्यापुढेही तेच. म्हणजे नुसतं दारच त्यांच्या किल्लीने उघडत होतं असं नाही. सेटिंग करून देताना त्यांनी लेखकाच्या जागी स्वतःचं नाव घातलं होतं. लबाडीने नव्हे हो. गॅसच्या फॉर्मवर घालतात तसं, सवयीने. आणि मी, कॉम्प्युटर शिकलेली बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा, कधी बघितलं नाही.

नावं बदलता येतात. हे मला माहीत होतं आणि त्याचाच मोह सगळ्यात वाईट. एक कमांड चालवली की सगळ्या जुन्या नोंदींवर माझं नाव चढतं. मी एका वेगळ्या प्रतीवर करून बघितलं. झालं, क्षणात. सगळीकडे माझं नाव. मी ते बघत बसले आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कारण कुणी जरा खोलात बघितलं तर त्याला दिसणार, की या सगळ्या जुन्या नोंदी बाईंनी काल दुपारी नव्याने लिहिल्या आहेत. खरं असून खोटं दिसणार. आणि कुणीही कुणाचंही नाव घालू शकतो, तर माझ्या नावाला तरी काय किंमत? मी ती प्रत पुसून टाकली. त्या दिवशी माझा धीर सुटला. संडासात जाऊन रडले, कारण आमच्या घरात आतून कडी लावायची तेवढीच एक जागा आहे.

पुण्याच्या बाईंना मी खरं तेच सांगितलं. स्क्रीन दाखवली, नावं दाखवली, म्हटलं, हे माझे दीर, पण लिहिलं मी आहे. त्या चांगल्या होत्या, चांगल्याच म्हणीन. त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे असं का केलंय, ते तसं का. मी सांगत गेले. दांड्याचं वजन प्रत्येक व्यापारी वेगळं कापतो म्हणून ते आत कायमचं बांधून ठेवलं नाही. पावसात भरलेल्या गाडीचं वजन पोचल्यावर कमी भरतं म्हणून दोन वजनं ठेवली. शब्द आपोआप येत होते. एवढं मी कधी कुणाशी माझ्या कामाबद्दल बोलले नव्हते. त्या मध्येच म्हणाल्या, “तुम्हाला हे फारच आतून माहीत आहे.” मला वाटलं, जमलं. देवा, जमलं.

मग त्या म्हणाल्या, “माझा विश्वास आहे. पण मला वर काहीतरी लिहून द्यावं लागतं. ज्यांचं नाव आहे त्यांच्याशी एक मिनिट बोलता येईल का? त्यांनी सांगितलं की काम तुमचं आहे, तर पुरे.”

एवढंच! मी तर उडीच मारायची बाकी होती. भाऊजी घरीच होते, जेवायला बसले होते. मी धावत जाऊन सांगितलं. ते अर्धं जेवण टाकून उठले, हात धुतला, फोनवर चेहरा दिसणार नव्हता तरी केसावरून हात फिरवला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आमचे हेही पेपर खाली ठेवून आले. सगळं घर माझ्यासाठी उभं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला.

बाईंनी विचारलं, “हा प्रोग्रॅम तुमच्या वहिनींनी लिहिला आहे का?”

भाऊजींनी माझ्याकडे बघून हसून मान हलवली, मायेने. “मॅडम, आमच्या वहिनी एकदम हुशार. एकदम. घरचं सगळं करून, पोराला सांभाळून, मला मदत करतात.”

“म्हणजे यातला कुठला भाग त्यांचा?”

“आता मॅडम, घर का काम है. इसमें मेरा-तेरा क्या. आपण भाग नाही पाडत.”

“बरोबर आहे. पण मुख्य काम कोणाचं, तेवढं सांगाल का?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी खरंच विचार केला, मनापासून, प्रामाणिक माणूस करतो तसा. त्यांना आठवलं असणार, ते व्यापारी, ते चहा, ती उन्हातली धावपळ, गाळ्यावरची पाटी. आणि मी आठवले असणार मधल्या खोलीत.

“मुख्य तर माझंच आहे मॅडम,” ते म्हणाले. “वहिनी मदत करतात. पण लई मदत करतात हां, ते लिहा तुम्ही.”

सासूबाईंनी दारातून समाधानाने मान हलवली. हे माझ्याकडे बघून हसले, की बघ, किती चांगलं बोलला. मी तोंड उघडलं होतं, पण काय म्हणणार होते? घरातल्या सगळ्यांसमोर, माझ्यासाठी जेवण टाकून उठलेल्या माणसाला, तू खोटं बोलतोस? तो खोटं बोलत नव्हता. बाई म्हणाल्या, “ठीक आहे. कळलं मला. थँक यू,” आणि फोन ठेवला. नंतर त्यांचा नकाराचा मेल आला, नीट भाषेत. तो मी पूर्ण वाचलाही नाही.

फोन ठेवल्यावर भाऊजींनी घाम पुसला. “झालं ना वहिनी काम? मैंने ठीक बोला ना?”

“हो भाऊजी,” मी म्हटलं. “छान बोललात. बसा, गरम पोळी आणते.”